टक्केवारीत न मावणारे लोखंड

निम्मे लोखंड, निम्मे कोबाल्ट आणि त्यात दोन टक्क्यांच्या आसपास व्हॅनेडियम असा एक मिश्रधातू आहे. लोखंडाच्या कुळात चुंबकत्वाची सर्वात वरची पायरी, म्हणजे सुमारे २.४ टेस्ला, हाच गाठतो. म्हणून विमानातल्या जनित्रांसारख्या, वजनाचा ग्रॅम-ग्रॅम मोजला जाणाऱ्या यंत्रांत त्याला मागणी असते. त्याच्या एकाच लादीतून दोन तुकडे कापा आणि दोन्ही ७३० अंश सेल्सिअसच्या वर तापवा. एक बर्फाळ मिठाच्या पाण्यात झटकन बुडवा, दुसरा भट्टीतच सावकाश निवू द्या. मग दोन्ही रोलिंग मिलच्या रुळांतून काढा. पहिल्याची पातळ, लवचिक पट्टी निघते आणि दुसरा तडकतो. आता दोन्हींचे रासायनिक पृथक्करण करून घ्या: लोखंड तेवढेच, कोबाल्ट तेवढेच, व्हॅनेडियम तेवढेच. प्रयोगशाळेच्या दाखल्यावरचे आकडे सारखेच असतील आणि त्यात चूक काहीच नसेल. फक्त, ज्या गोष्टीने एकाला वाकवले आणि दुसऱ्याला तोडले, तिच्यासाठी त्या दाखल्यात रकानाच नाही.

ती गोष्ट म्हणजे अणूंची मांडणी. लोखंडाच्या काही महत्त्वाच्या मिश्रधातूंमध्ये धातू किती वाकेल, किती कंप पचवेल, तापल्यावर किती टिकेल हे त्यात कोणते घटक किती आहेत यावर जेवढे ठरते, तेवढेच ते अणू एकमेकांच्या शेजारी कसे बसले आहेत यावरही ठरते. ही मांडणी भट्टीत घडते, निवण्याच्या वेगाने बदलते आणि मोजता येते. तरीही आपल्याकडे शिकवताना, खरेदी करताना, संशोधनाची दिशा ठरवताना धातूची ओळख टक्केवारीने करून देण्याची आणि करून घेण्याची सवय आहे. ही सवय आपल्याला महागात पडते, असे माझे म्हणणे आहे.

मांडणी म्हणजे काय हे आधी पाहू. साध्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागी असे बसतात आणि हाच घन सगळीकडे पुन्हा पुन्हा येतो. त्यात ॲल्युमिनियम मिसळले तर त्याचे अणू लोखंडाच्या काही जागा घेतात. खूप तापलेल्या अवस्थेत ते कुठेही बसतात. कोणता अणू कोपऱ्यावर आणि कोणता मध्यावर याला काही नियम राहत नाही. निवताना मात्र ॲल्युमिनियमच्या अणूला आपल्यासारखाच शेजारी नको असतो, त्याला शेजारी लोखंड हवे असते. पुरेसा वेळ मिळाला की सगळे अणू आपापल्या ठरलेल्या घरात जातात. मँचेस्टरच्या ब्रॅडली आणि जे या दोघांनी १९३२ साली क्ष-किरणांनी हे लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणात दाखवून दिले. निम्मे-निम्मे प्रमाण असेल तर एकाच्या कोपऱ्यात दुसऱ्याचा मध्य अशी साधी रचना होते. तीनास एक प्रमाण असेल तर साधारण ५५० अंशांच्या खाली आणखी बारकाईची रचना होते आणि तिचे घर आठ लहान घनांचे असते. धातुशास्त्रज्ञ पहिलीला बी-टू आणि दुसरीला डी-ओ-थ्री म्हणतात. या लेखात मी दोन्हींना 'क्रमबद्ध' अवस्था म्हणेन.

क्रम आला की धातूच्या आतली वाहतूक मंदावते. कोणत्याही स्फटिकात काही जागा रिकाम्या असतात आणि शेजारचा अणू त्या रिकाम्या जागेत उडी मारतो म्हणूनच घन धातूत अणू जागा बदलू शकतात. लहान मुलांचे सरकत्या चौकोनांचे कोडे आठवा: पंधरा आकडे आणि एक मोकळे घर. आकडे कसेही विखुरलेले असतील तर मोकळे घर कुठेही न्या, बिघडत काही नाही. पण आकडे क्रमाने लावून झाले असतील तर मोकळे घर एक पाऊल सरकवताच क्रम मोडतो. क्रम न मोडता पुढे जायचे असेल तर मोकळ्या घराला वळसा घालावा लागतो. आधी काही चाली बिघडवणाऱ्या, मग तेवढ्याच चाली दुरुस्त करणाऱ्या. क्रमबद्ध मिश्रधातूत रिकाम्या जागेच्या हालचालीचे एक प्रसिद्ध चित्र नेमके असेच आहे, सहा उड्यांचे. पहिल्या तीन उड्यांत क्रम बिघडतो, पुढच्या तीन उड्यांत सावरतो आणि सहाव्या उडीनंतर रिकामी जागा आपल्याच प्रकारच्या पुढच्या घरात पोहोचते. एवढ्या खटाटोपाला जास्त ऊर्जा लागते, म्हणून हालचाल संथ होते. लोखंड-ॲल्युमिनियमच्या बी-टू रचनेत याचा परिणाम मोठ्या प्रमाणावर दिसतो. असा तुकडा वरच्या तापमानावरून झटकन निववला तर तिथल्या असंख्य रिकाम्या जागा आतच अडकून राहतात आणि धातू कडक होतो. त्या घालवण्यासाठी प्रयोगशाळेत तो तुकडा ४०० अंशांवर साधारण पाच दिवस ठेवतात. साध्या पोलादाच्या कारखान्यात पाच दिवसांची भट्टी कोणी ऐकून घेणार नाही. इथे मात्र तेवढा वेळ दिला नाही तर मोजमाप मिश्रधातूचे होत नाही, अडकलेल्या रिकाम्या जागांचे होते.

धातू वाकतो तोही आतल्या एका दोषाच्या हालचालीनेच. अख्खा थर एकदम सरकत नाही. मोठी सतरंजी ओढण्याऐवजी तिच्यात एक वळी पाडून ती वळी पुढे ढकलत न्यावी, तसे होते. या वळीला डिस्लोकेशन म्हणतात. आता ही सतरंजी चौकटीची आहे आणि खालीही तशाच चौकटी आहेत असे समजा. एक वळी पुढे गेली की वरच्या चौकटी खालच्यांशी जुळेनाशा होतात आणि ही विजोड सीमा ऊर्जा खाते. ती मिटवायला मागून दुसरी वळी यावी लागते. म्हणून क्रमबद्ध धातूत डिस्लोकेशन जोडीने चालतात आणि डी-ओ-थ्री रचनेत पूर्ण मेळ बसायला चौघांची साखळी लागते. अशा जखडलेल्या साखळ्या वळणे घेत नाहीत, एकाच पातळीत धावतात आणि एखाद्या कणसीमेशी, म्हणजे दोन स्फटिककणांच्या जोडाशी, जाऊन साचतात. तिथे ताण वाढत गेला की तडा पडतो. लोखंड-कोबाल्टच्या सावकाश निवलेल्या तुकड्याचे नेमके हेच होते. झटकन निववलेल्या तुकड्यात अणूंना घर शोधायला वेळ मिळत नाही, क्रम अपुरा राहतो आणि वळ्या तुलनेने सुट्या फिरतात. पण हीच जखडण वरच्या तापमानात गुण ठरते. तीनास एक प्रमाणातल्या लोखंड-ॲल्युमिनियमची ताकद तापवल्यावर सरळ घटत जात नाही, सुमारे ५०० अंशांकडे जाताना ती उलट वाढते. साध्या धातूकडून कोणी अशी अपेक्षा ठेवणार नाही.

आता कंपाकडे वळू, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे. मडके बद्द वाजते की खणखणीत, यावरून घेणारा त्याची पारख करतो. धातूचा आवाज किती वेळ घुमतो हेही त्याच्या आतल्या हालचालींचे मोजमाप आहे. एखाद्या धातूत प्रत्येक हेलकाव्याला साधारण सहा टक्के ऊर्जा आतल्या आत उष्णतेत जिरत असेल, तर कंपाचा आवाका तीसेक हेलकाव्यांत एक-तृतीयांशाच्या जवळ येतो. तीच गळती शंभरपट कमी असेल तर तीन हजारांहून जास्त हेलकावे लागतात. या जिरण्याला अवमंदन म्हणतात. अवमंदन होते ते आतले काहीतरी ताणाला प्रतिसाद देत, पण जरा उशिरा हलते म्हणून. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत याकोबस स्नूक यांनी १९४०च्या सुमारास याचे सर्वात सुंदर उदाहरण उलगडले. लोखंडात कार्बनचे अणू फटींमध्ये बसतात आणि या फटी तीन दिशांच्या असतात. धातू एका दिशेने ताणला की त्या दिशेच्या फटी किंचित सैल होतात आणि कार्बन तिकडे उडी मारतो. ताण उलटला की परत येतो. साध्या खोलीच्या तापमानाला कार्बनचा अणू साधारण सेकंदाला एक उडी मारतो, १०० अंशांना हजारेक. कंपाचा वेग आणि उड्यांचा वेग जुळले की ऊर्जा सर्वाधिक जिरते आणि आलेखावर एक शिखर दिसते. सेकंदाला एक हेलकावा असेल तर शुद्ध लोखंडात ते ४० अंशांच्या आसपास येते. शिखराच्या उंचीवरून लोखंडात किती कार्बन मोकळा आहे हे दशलक्षात काही भाग इतक्या बारकाईने कळते. मोटारीच्या दारासाठी वापरल्या जाणाऱ्या, रंगाच्या भट्टीत साधारण १७० अंशांवर कडक होणाऱ्या पत्र्यांत हाच मोकळा कार्बन काम करतो. तो भट्टीच्या उष्णतेने हलतो आणि डिस्लोकेशनना जखडतो. किती कार्बन मोकळा आहे हे पत्र्याच्या एकूण कार्बनच्या टक्केवारीवरून समजत नाही. चाकणच्या पट्ट्यात रोज हजारो दारे अशा पत्र्यांतून ठोकली जातात. हा विषय आपल्या दारापाशीच आहे.

त्या लोखंडात ॲल्युमिनियम आले की कार्बनचे हे नीट शिखर पसरते आणि वरच्या तापमानाकडे सरकते, कारण ॲल्युमिनियमच्या शेजारची फट आणि निव्वळ लोखंडाने वेढलेली फट कार्बनला सारखी नसते. विस्कळीत मिश्रणात फटींचे किती प्रकार होतील याला हिशेब नाही, क्रमबद्ध मिश्रणात ते मोजके उरतात. म्हणजे पाहुणा असलेला कार्बन यजमानांची बसण्याची पद्धत आपल्याला सांगतो. शिकागोच्या क्लॅरेन्स झेनर यांनी १९४०च्या दशकात आणखी एक हालचाल दाखवली. शेजारी-शेजारी बसलेल्या जोड्या ताणाखाली दिशा बदलतात आणि त्यासाठी अणूंना खरोखर घरे बदलावी लागतात. लोखंड-ॲल्युमिनियममध्ये ही हालचाल काही शे अंशांवर दिसते. क्रम पूर्ण झाला की प्रत्येकाचे घर ठरलेले असते, वळायला मोकळीक उरत नाही आणि हे शिखर आकसते. लोखंड चुंबकीय असल्यामुळे तिसरी हालचाल सर्वात मोठी. त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांनी चुंबकित झालेले वाडे असतात आणि ताण आला की त्यांच्यामधल्या भिंती अडखळत सरकतात. अडखळण्यात ऊर्जा जाते. जपानमध्ये साधारण १२ टक्के क्रोमियम आणि ३ टक्के ॲल्युमिनियम असलेला आवाज गिळणारा मिश्रधातू तयार झाला तो याच तत्त्वावर. क्रम आला की भिंतींना हलवणारे चुंबकीय गुणच बदलतात. शिवाय दोन टोकांनी काळी-पांढरी फरशी लावत आलेल्या गवंड्यांच्या मधल्या जोडावर दोन काळ्या फरशा शेजारी याव्यात, तशा विजोड सीमा तयार होतात आणि भिंतींना अडवतात. म्हणजे एकच कारण, अणूंचा क्रम, धातूच्या कडकपणाला आणि त्याच्या आवाजाला एकाच वेळी हात घालते. तुटणे आणि घुमणे ही दोन वेगळ्या विभागांची प्रकरणे नाहीत.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर गॅलियमचे उदाहरण पाहा. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत आर्थर क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास लोखंडात गॅलियम मिसळून पाहिले. चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर शुद्ध लोखंडाची लांबी फार थोडी बदलते, दशलक्षात तीसेक भाग. शंभरात १९ अणू गॅलियमचे केले की तोच आकडा दशलक्षात ४०० च्या आसपास जातो. गॅलियमला चुंबकत्व नाही आणि तरीही हा फरक. याच मिश्रधातूला पुढे गॅल्फेनॉल हे नाव पडले आणि पाण्याखालच्या ध्वनियंत्रांपासून कंप-संवेदकांपर्यंत त्याचा विचार सुरू झाला. पण हा गुण सर्वात वर कुठे पोहोचतो हे मिश्रधातू झटकन निववला की सावकाश, यावर अवलंबून असते. सावकाश निववला तर क्रमबद्ध रचना लवकर उगवते, शिखर आधीच येते आणि खाली बसते. नेमके आतले कारण काय याबद्दल संशोधकांत अजून वाद आहेत. निवण्याच्या वेगाने फरक पडतो, याबद्दल नाहीत. गॅलियम २७ टक्के केले तर गोष्ट आणखी पुढे जाते. मॉस्कोचे इगोर गोलोविन आणि मॉस्कोजवळच्या दुबना इथल्या अणुभट्टीवर काम करणारे अनातोली बालागुरोव यांनी तापवता-तापवता न्यूट्रॉन किरणांनी या मिश्रधातूच्या आत पाहिले आणि त्याच सुमारास त्याचे अवमंदनही मोजले. एका क्रमबद्ध रचनेतून दुसरीत, घनाच्या मध्यात अणू असलेल्या मांडणीतून घनाच्या बाजूंवर अणू असलेल्या मांडणीत, होणारे स्थित्यंतर त्यांना टप्प्याटप्प्याने दिसले. एकही अणू आत आला नाही की बाहेर गेला नाही. तरी चुंबकीय क्षेत्रात लांब होणारा धातू आखूड होणारा झाला.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. बाजारातले बहुतेक पोलाद, बांधकामाच्या सळया, पूल, रूळ यांत असा दूरवरचा क्रम नसतो. मग मूठभर विशेष मिश्रधातूंसाठी एवढा गाजावाजा का? क्रमबद्ध रचना सगळ्या पोलादात नाही हे मला मान्य आहे. पण मांडणी टक्केवारीच्या आड लपते, हे त्यांनाही लागू आहे. क्रोमियमयुक्त स्टेनलेस पोलाद ४७५ अंशांच्या आसपास बराच काळ राहिले तर त्यात अगदी उलट गोष्ट घडते. क्रोमियम क्रोमियमकडे आणि लोखंड लोखंडाकडे गोळा होते आणि धातू ठिसूळ होतो. पृथक्करणाचे आकडे इथेही तसेच राहतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या माणसाला हे वेगळ्या रूपात माहीत असते. लेथचा पाया बिडाचा करतात, कारण बिडातल्या ग्राफाइटच्या पाकळ्या कंप गिळतात. जवळपास तेवढाच कार्बन मॅग्नेशियम घालून गोळ्यांच्या रूपात आणला की ओतीव लोखंड चिवट होते आणि कंप कमी गिळते. तिथे मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसते, म्हणून तिला मान आहे. अणूंची मांडणी त्याहून लाखोपट बारीक आहे एवढाच फरक. आणि ज्यांना आपण विशेष म्हणतो ते मिश्रधातू तितके दूरचेही नाहीत. रस्त्याकडेच्या डीपीतून येणारी गुणगुण गाभ्याच्या पत्र्यांच्या लांब-आखूड होण्याने येते, सेकंदाला शंभर वेळा. लोखंडात साडेसहा टक्के सिलिकॉन असेल तर हे लांब-आखूड होणे जवळजवळ शून्यावर येते. मग आपले ट्रान्सफॉर्मर तीन टक्के सिलिकॉनवरच का थांबले? साडेसहा टक्क्यांना क्रमबद्ध रचना उगवते आणि पत्रा लाटता येत नाही, म्हणून. जपानी पोलादवाल्यांनी १९९०च्या दशकात आधी तीन टक्क्यांचा पत्रा लाटून मग त्यात तापलेल्या वाफेतून सिलिकॉन मुरवायची पद्धत बसवली. अणूंच्या क्रमाला वळसा घालण्यासाठी अख्खा कारखाना उभा राहिला, यापेक्षा मोठा पुरावा या विषयाच्या वजनाचा मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो वैज्ञानिकांकडूनच येतो. ठिसूळपणाचे खापर क्रमावर फोडणे सोपे आहे, पण ते नेहमी खरे नसते. लोखंड आणि ॲल्युमिनियमचे क्रमबद्ध मिश्रधातू कित्येक दशके जन्मजात ठिसूळ मानले गेले. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या सी. टी. लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की साध्या हवेत तुटण्याआधी जेमतेम दोन टक्के ताणला जाणारा असा एक नमुना कोरड्या ऑक्सिजनमध्ये सतरा टक्क्यांच्या वर ताणला जातो. दोष मुख्यतः हवेतल्या बाष्पाचा होता. तड्याच्या टोकाशी ॲल्युमिनियमची बाष्पाशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि तो धातू पोखरतो. हा निकाल माझ्या युक्तिवादाला छेद देतो का? सरसकट 'क्रम आला की तुटतो' असे मी म्हणत असतो तर नक्कीच दिला असता. माझे म्हणणे वेगळे आहे: मांडणी आणि तिच्यातून चालणारी हालचाल स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय कारण सापडत नाही. क्रमामुळे ताण कुठे साचतो आणि हायड्रोजन तिथे पोहोचून काय करतो, हे दोन्ही कळल्यावरच मिश्रधातूत क्रोमियम घालायचे, पृष्ठभागावर थर द्यायचा की उष्णतोपचार बदलायचा हे ठरवता येते. ओक रिजच्या निकालाआधीची वर्षे चुकीच्या कारणामागे गेली, कारण ठिसूळपणाचे एक पटण्याजोगे उत्तर आधीच हाताशी होते आणि हवेकडे कोणाचे लक्ष नव्हते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. कंप थांबवायला रबर आहे, स्प्रिंग आहेत, तेलाचे डँपर आहेत. धातूलाच का कामाला लावायचे? जिथे रबर टिकते तिथे रबरच वापरावे, याबद्दल माझे दुमत नाही. पण तापलेल्या टर्बाइनच्या पात्याला, कापणाऱ्या हत्याराच्या लांब दांड्याला, निर्वात पोकळीत फिरणाऱ्या भागाला रबर लावता येत नाही. तिथे आवाज आणि थकवा दोन्ही धातूलाच पचवावे लागतात. याची मर्यादाही सांगितली पाहिजे. चुंबकीय भिंतींवर चालणारे अवमंदन मोठ्या स्थिर भाराखाली घटते, बाहेरच्या तीव्र चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ संपते, आणि भाग ठोकला-वाकवला की आतल्या ताणांनी मरते, पुन्हा तापवूनच जागे करावे लागते. या मर्यादा रचनेच्या आहेत, घटकांच्या नाहीत, म्हणून त्याही टक्केवारीच्या दाखल्यावर दिसणार नाहीत. जो अभियंता फक्त घटक पाहून असा मिश्रधातू घेईल आणि मग तो वाकवून बसवेल, त्याला भट्टीतून काढलेला गुण दुकानातून घरी येईपर्यंत गमावल्याचे कळणारही नाही.

मोजायचे कसे, हा प्रश्न आक्षेपापेक्षा खरा अडथळा आहे. लोखंड आणि कोबाल्टचे अणुक्रमांक २६ आणि २७. क्ष-किरणांना हे दोघे जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून या मिश्रधातूतला क्रम साध्या क्ष-किरण यंत्राला पकडता येत नाही. न्यूट्रॉनना मात्र दोघे अगदी वेगळे दिसतात. क्लिफर्ड शल यांनी, ज्यांना १९९४ चे नोबेल मिळाले, हे १९४९ मध्येच दाखवून दिले होते. आपल्याकडे तुर्भ्याला ध्रुव अणुभट्टी १९८५ पासून आहे, तिच्याभोवती न्यूट्रॉनची उपकरणे आहेत आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना तिथे काम करता यावे म्हणून यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाचे मुंबईत संयुक्त केंद्रही आहे. अवमंदन मोजायला तर त्याहून फार कमी लागते. चिनी भौतिकशास्त्रज्ञ गे टिंगसुई यांनी १९४०च्या दशकात शिकागोला तारेवर टांगलेल्या मुरडत्या लंबकाने काम केले: एक तार, खाली जड दांडा, प्रकाशाचा ठिपका परावर्तित करणारा आरसा आणि भोवती तापमान हळूहळू चढवणारी भट्टी. त्यातून धातूच्या कणसीमांमधली हालचाल प्रथम स्पष्ट मोजली गेली. एक सावधगिरी इथे हवीच. आलेखावरचे शिखर आपले नाव सांगत नाही. कार्बन, जोड्या, कणसीमा, रचनेतले स्थित्यंतर, यांपैकी कोणीही ते उभे करू शकते. म्हणून हेलकाव्याचा वेग बदलून शिखर किती सरकते ते पाहायचे आणि शक्य असेल तिथे न्यूट्रॉनची साक्ष काढायची. दुबनाच्या कामाची ताकद नेमकी या जोडणीत होती.

मग करायचे काय? मिश्रधातू विकत घेताना घटकांच्या दाखल्याबरोबर तापमानाचा इतिहासही मागावा: किती अंशांवरून, किती वेगाने निववला, नंतर किती वेळ कुठे ठेवला. काही क्षेत्रांत उष्णतोपचाराची नोंद आजही मागितली जाते. ज्या मिश्रधातूंत क्रम येऊ शकतो त्यांच्यासाठी ती मुख्य अट असली पाहिजे. संशोधनाचा पैसा कुठे जावा याबद्दलही मला ठाम मत आहे. गॅलियमचे जगातले जवळजवळ सगळे प्राथमिक उत्पादन चीनमध्ये होते आणि २०२३ च्या ऑगस्टपासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आहे. ॲल्युमिनियमला अशी अडचण नाही; बॉक्साइट आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीच्या डोंगरांतही आहे. लोखंड-ॲल्युमिनियमचा क्रमबद्ध मिश्रधातू पोलादाहून सुमारे सातव्या हिश्श्याने हलका, गंजाला आणि गंधकयुक्त गरम वायूंना तोंड देणारा आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेत कार्बनयुक्त लोह-ॲल्युमिनाइडवर पूर्वी चांगले काम झाले आहे. गॅलियमचे सगळे गुण ॲल्युमिनियमने मिळणार नाहीत, तसा दावा मी करत नाही. पण महागडा घटक आणून जो गुण मिळतो त्याचा काही भाग स्वस्त घटकाला योग्य वेगाने निववून मिळतो का, हे पाहण्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही.

आणि हे पाहण्याची सुरुवात मुंबई, पुणे आणि नागपूर इथल्या धातुशास्त्र विभागांत तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला करता येईल. ॲल्युमिनियम मिसळलेल्या लोखंडाच्या दोन सारख्या तारा घ्यायच्या. दोन्ही ९०० अंशांवर तापवायच्या, एक पाण्यात बुडवायची आणि एक भट्टीत रात्रभर निवू द्यायची. मग प्रत्येकीला लंबकावर टांगून खोलीच्या तापमानापासून ५५० अंशांपर्यंत हळूहळू नेत आणि परत खाली आणत दर काही अंशांना हेलकावे मोजायचे आणि दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढायचे. पाण्यात बुडवलेल्या तारेचे हेलकावे वर जाताना आणि खाली येताना वेगळे पडतील, कारण तापताना तिच्यातल्या अडकलेल्या रिकाम्या जागा सुटतील आणि अणू आपली घरे शोधू लागतील.